न पडलेली गाडी

मामाच्या डोळ्यात ओळंबा आहे, असं लोक म्हणायचे. मोटारसायकलीसमोर तो एक डोळा मिटून उभा राहिला की हँडल केसभर जरी एका अंगाला असलं तरी त्याला दिसायचं, आणि एकदा दिसलं की त्याला गप्प राहवत नसे. गॅरेजवर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. ‘मामाकडे टाकलीय’ म्हटलं की पुरे. ज्यांच्या आयांशी त्याचं काही नातं नव्हतं तेही त्याला मामाच म्हणायचे. सख्खी भाची मात्र एकच होती, आणि त्या दिवशी तिच्याच गाडीचं काम होतं.

भाचीला तो शिडी म्हणायचा. मामाच्या घराण्यात सगळे बुटके. त्यात ही एकटी अशी वाढली की तिच्याशी बोलताना घरातल्या प्रत्येकाची मान वर जायची. एका लॅबसाठी ती घरोघर फिरून रक्ताचे नमुने गोळा करायची. नमुन्यांची थंड पेटी मागच्या सीटवर बांधली की बसायला उरायची ती टाकीला चिकटलेली जेमतेम जागा, आणि समोर हँडल पार खाली. दिवसभर अशी कमान होऊन गाडी चालवल्यावर संध्याकाळी तिला पाठ सरळ करता येईना. म्हणून तिनं स्वतःच शोधून उंच हँडल आणलं होतं, आणि त्याच्याखाली बसवायचे रायझर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे दोन ठोकळे. ते बसवले की हँडल वर येतं, आणि थोडं मागेही, चालवणाऱ्याच्या अंगाकडे.

“आता ढगांनाच पत्ता विचारत जा,” मामा म्हणाला.

“विचारीन. आणि तुला खाली कळवीन.”

“मामाला उलटून बोलते बघ, ताई.”

ताई, मामाची थोरली बहीण आणि शिडीची आई, मामीशेजारी काउंटरमागे बसून मटार सोलत होती. रविवार होता, गॅरेज अर्धंच उघडं होतं, आणि जेवायला सगळे इथेच थांबणार होते. ती मान वर न करता म्हणाली, “तूच शिकवलंयस तिला. गाडीही आणि उलटून बोलणंही.”

ते खरं होतं. गाडी शिकवली मामानं, आणि गाडी हातात दिली ताईनं, एका अटीवर. शिडीचे वडील गेले ते छातीतलं दुखणं लपवून. घरच्यांना घोर नको म्हणून त्यांनी वर्षभर कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून ताईला दुखण्याची भीती नव्हती, लपवण्याची होती. किल्ली देताना ती लेकीला म्हणाली होती, “पडलीस तर घरी येऊन सांग. मी हळद लावीन, बडबडेन, पण किल्ली काढून घेणार नाही. लपवलंस, तर मात्र किल्ली माझ्याकडे.”

मामानं काम नेहमीसारखंच निगुतीनं केलं. जुनं हँडल काढून टाकीवर जुनी चादर घातली, वायरी मोकळ्या केल्या. हँडल उंचावलं की वायरी तोकड्या पडतात, म्हणून त्यानं क्लचची वायर दुसऱ्या वाटेनं फिरवून घेतली आणि ब्रेकचा पाइप कुठे ताणला जात नाही ना ते बोटानं चाचपून पाहिलं. पुढे काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघायचं, हेही तो विसरणारा नव्हता. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर अ‍ॅक्सिलरेटरची वायर ओढली जातेय, आणि असली गाडी ऐन वळणावर आपणहून पळते. अशा चुका करणाऱ्या गॅरेजवाल्यांच्या गोष्टी तो चवीनं सांगत असे.

रायझर बसवायचे तर खालून बोल्ट घालून आवळावे लागतात. मामानं आधी डावा घेतला आणि पिळून घट्ट केला, मग उजवा. ही त्याची जन्माची सवय. गाडी स्टँडवर डावीकडे कललेली असते, माणूस डाव्या बाजूलाच उभा असतो, तेव्हा डावा आधी. त्याच्या उस्तादाचीही तीच सवय होती. मग त्यानं हँडल दोन्ही खाचांत ठेवलं, वरच्या पट्ट्या घट्ट केल्या, हात पुसत गाडीसमोर गेला आणि एक डोळा मिटला.

बराच वेळ त्यानं तो उघडलाच नाही.

“शिडे,” तो म्हणाला, “कुठे आपटलीस गं?”

“कुठेच नाही.”

“अगं सांग की. मी काय पोलीस आहे?”

“मामा, नाही पडले मी.”

“ताई, जरा ये इकडे.” ताई मटाराचं ताट बाजूला ठेवून आली. “हे चाक बघ. सरळ आहे ना? आता हँडल बघ. डावं टोक मागे, उजवं पुढे. चांगलं बोटभर. डाव्या अंगावर पडल्याशिवाय असं होत नाही. चाकाला धरणाऱ्या या दोन दांड्या आहेत ना, फोर्क, तो पिरगळलाय.”

“पण आधी हँडल सरळ होतं,” शिडी म्हणाली.

“जुनं हँडलही वाकलं असणार. वाकड्यानं वाकडं झाकलं गेलं. नवं कोरं घातलं, आणि पितळ उघडं पडलं.” हे सुचल्यावर मामा स्वतःवरच खूश झाला. पंचवीस वर्षांत त्यानं तिरकी हँडलं घेऊन आलेली कितीतरी माणसं पाहिली होती. सगळी म्हणायची, पडलो नाही. सगळी पडलेली असायची. “माणूस खोटं बोलेल, गाडी बोलत नाही.”

तो हे हसत हसत म्हणाला. भाचीची फिरकी घ्यावी, तिनं जीभ चावावी, दोन टोमणे बसावेत आणि जेवायला बसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ताई हसली नाही. तिनं लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, “पडलीस?”

“नाही, आई.”

“मामा सांगतोय.”

“मामाला वाटत असेल. मी नाही पडले.” शिडीनं आईच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. आवाज चढवला नाही की रडली नाही.

ताईनं हात पुढे केला. सोललेल्या मटारांनी बोटं हिरवट झाली होती. शिडीनं खिशातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली.

“अगं, एवढं काय,” मामा म्हणाला. “उद्या सरळ करून देतो. पाच मिनिटांचं काम.”

“गाडी तू सरळ करशील,” ताई म्हणाली. जेवणं आटोपून जाताना किल्ली तिनं मामाच्या हातात दिली, कामापुरती.

दुसऱ्या दिवशी मामानं फोर्क सरळ करायला घेतला. पिरगळलेला फोर्क तपासायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे काच. खिडकीच्या काचेचा एक सपाट तुकडा त्यानं त्यासाठी जपून ठेवला होता. फोर्कच्या दोन्ही नळ्यांवर तो आडवा टेकवायचा आणि कोपरे एकेक करून दाबायचे. नळ्या पिरगळलेल्या असतील तर काच डुगडुगते. त्यानं काच टेकवली आणि एक कोपरा दाबला. मग दुसरा. मग उरलेले दोन. काच हलली नाही.

त्यानं नळ्या पुसल्या, काच पुसली, पुन्हा टेकवली. काच अशी बसली होती जशी चिकटवली असावी.

तेव्हा त्यानं ते केलं जे आदल्या दिवशी आधी करायला हवं होतं. तो गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. डावीकडे पडलेल्या गाडीच्या पायटेकणीच्या टोकाला खरचटतं, क्लचच्या दांडीचा गोळा घासतो, इंडिकेटरच्या काचेवर चरा उठतो. यातलं काहीच न होता गाडी पडत नाही. पायटेकणीचं रबर कोरं होतं. क्लचच्या दांडीवर फक्त बोटांनी आलेली चमक होती. त्यानं कोपऱ्यातलं जुनं हँडल आणून बाकावर आडवं ठेवलं. दोन्ही टोकं बाकाला एकसारखी टेकली.

मामा पुन्हा गाडीकडे वळला.

त्यानं हँडल उतरवलं आणि डावा रायझर सोडवला. खालच्या काळ्या रंगावर एक चकचकीत कोर उमटली होती, नखाएवढी. बोल्ट पिळताना ठोकळा आपल्याबरोबर फिरला होता. पूर्वीच्या ठोकळ्यांना खाली खुंटी असायची, ते फिरूच शकत नसत. म्हणून इतकी वर्षं डावा आधी पिळला काय, उजवा आधी पिळला काय, बिघडलं नव्हतं. या नव्या ठोकळ्यांना खुंटी नव्हती. ते दोन्ही ढिले ठेवून, हँडल त्यांच्यात बसवून, मग आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे असतात. मुळाशी केसभर फिरलं की टोकाशी बोटभर होतं, हा हिशेब त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यानं तसं करून पाहिलं. हँडल सरळ आलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

फोन खिशातच होता. ताईचा नंबर काढायला एक बोट पुरलं असतं. त्यानं फोन बाहेर काढलाही, मग हात काळे आहेत म्हणून परत ठेवला. हात धुतले. तेवढ्यात ब्रेक तपासून घ्यायला आलेला दूधवाला काउंटरशी टेकून मामीशी बोलायला लागला होता, आणि मामीनं तिथूनच विचारलं, “झाली का हो शिडीची गाडी?”

“झाली.”

“फोर्कच होता ना?”

“मामाचं निदान आहे, वहिनी,” दूधवाला म्हणाला. “डॉक्टरचं चुकेल एक वेळ.”

“होता थोडा,” मामा म्हणाला.

शब्द इतका छोटा होता की तो बाहेर पडल्यावर काही आवाजही झाला नाही. मामी पुन्हा हिशेबाला लागली. मामा ब्रेककडे वळला आणि त्या दिवशी त्यानं दूधवाल्याचे ब्रेक कारण नसताना दोनदा उघडले. संध्याकाळी सांगू, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी वाटलं, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. मग वाटलं, गाडी पोचवायला जाऊ तेव्हा सांगू. आणि गाडी पोचवायला जाणं तो रोज उद्यावर ढकलत राहिला. जेवताना मामी म्हणाली, “तुम्हाला बरं नाही का?” तो म्हणाला, “पित्त.”

शेवटी ताईचाच फोन आला.

“धाकटोबा, तुझ्याशी बोलायचंय.” लहानपणापासून ती त्याला धाकटोबाच म्हणायची. “पोरगी अजून नाहीच म्हणतेय.”

“असू दे ना, ताई. काय तेवढंसं.”

“तेवढंसं तेच आहे. पडली याचं मला काही नाही. हात मोडून आली असती तरी मी उचलून घेतलं असतं. पण ती माझ्या तोंडावर, डोळ्यांत बघून खोटं बोलते, आणि जेवते, आणि झोपते. मला तिच्या वडिलांची आठवण येते रे. तेही असेच शांतपणे जेवायचे. तुझं ऐकते ती. ये, आणि तिच्याकडून एकदा खरं वदवून घे. मग मी किल्ली देऊन टाकते. मलाही कुठे हौस आहे तिला बसनं पाठवायची?”

“येतो,” मामा म्हणाला.

दुपारी तो शिडीची गाडी घेऊनच निघाला. नवं हँडल हातात असं बसत होतं की खांदे आपोआप खाली पडत, पाठ आपोआप ताठ होई. कुणी दुसऱ्यानं बसवलं असतं तर त्यानं त्याची पाठ थोपटली असती. वाटेत त्यानं वाक्य जुळवलं, ‘ताई, चूक माझी झाली.’ चारच शब्द. प्रत्येक सिग्नलला तो ते मनात म्हणून पाहत होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेवटी एक ‘पण’ येऊन चिकटत होता. पण रायझर नव्या पद्धतीचे होते. पण मी थट्टेनं म्हणालो. पण एवढं ताणायचं तूच ठरवलंस.

जिन्याच्या तळाशी शिडी भेटली. ती नुकतीच बसमधून उतरून आली होती. थंड पेटीचा पट्टा खांद्यावरून काढून ती पहिल्या पायरीवर टेकली होती आणि मान फिरवून मोकळी करत होती.

“आणलीस?” तिनं गाडीकडे पाहिलं. “छान झालंय, मामा.”

“पाठ कशी आहे?”

“पाठीचं काय, बसमध्ये उभंच राहायचं असतं. काल बस अडकली आणि पेटीतला बर्फ गेला. एका आजोबांचा नमुना फुकट गेला. त्यांची शीर सापडता सापडत नाही. परत जाऊन परत टोचलं. ते काही बोलले नाहीत, बाही वर करून हात पुढे केला नुसता. बोलले असते तर बरं वाटलं असतं.” तिनं पेटी उचलली, मग पुन्हा खाली ठेवली. “मामा, एक विचारू? आईला सांगू नकोस.”

“विचार.”

“गाडी कुठल्या बाजूला पडली तर हँडल असं होतं?”

मामाला आधी प्रश्न कळलाच नाही.

“म्हणजे मी आज आईला सांगून टाकणार आहे, पडले होते म्हणून. एकदाचा विषय मिटवायचा. लॅबवाल्या बाई म्हणाल्यात, गाडी नसेल तर लांबचे पत्ते दुसऱ्या कुणाला देते. पण काहीतरी चुकीचं सांगितलं आणि तू म्हणालास, असं होऊच शकत नाही, तर आणखी पंचाईत.” ती थोडी हसली. “आणि खरं सांगू, मलाही आता वाटायला लागलंय. कुणी पार्किंगमध्ये पाडून परत उभी केली असेल. मला कळलं नसेल. तू म्हणतोयस म्हणजे काहीतरी असणारच ना.”

तिच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. वर कुणीतरी नळ सोडला होता, पाइपातून पाणी खळखळत खाली येत होतं. सांगायचं तर हीच वेळ होती. जिन्यात दोघंच होते.

“डाव्या,” मामा म्हणाला.

इतक्या वर्षांच्या सवयीनं उत्तर आपणहून बाहेर आलं, गिऱ्हाइकानं विचारावं आणि सांगून टाकावं तसं. त्यानं स्वतःचाच आवाज ऐकला आणि त्याला जिन्याचा कठडा धरावासा वाटला.

“डाव्या,” शिडीनं पाठ केल्यासारखं म्हटलं, आणि पेटी घेऊन वर गेली. तो तिच्यामागे गेला.

सगळं फार लवकर झालं. ताईनं दार उघडलं, शिडीनं पेटी कोपऱ्यात ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “आई, पडले होते मी. दवाखान्याच्या फाटकाशी खडी होती. उभ्या उभ्याच कलंडली, डावीकडे. लागलं नाही काही. तू घाबरशील म्हणून बोलले नाही.”

ताई खुर्चीवर बसली. बराच वेळ तिनं तोंडावर पदर धरला होता. पदर काढला तेव्हा तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मामाला वाटलं, आपण कशाला मध्ये बोलायचं. पोरीला गाडी मिळाली, आईला सत्य मिळालं, कुणाचं काही गेलं नाही. ताईनं त्याच्यासमोर हात धरला, त्यानं किल्ली तिच्याकडे दिली, आणि तिनं ती लेकीच्या मुठीत ठेवून मूठ दोन्ही हातांनी मिटली.

“एवढंच हवं होतं गं मला,” ती म्हणाली. मग लेकीच्या हनुवटीला बोट लावून तिनं तो चेहरा वर केला. शिडी उंच, त्यामुळे खरं तर ताईचाच हात वर गेला. “पण एक बरं झालं. आता मला कळलं तू खोटं बोलतेस तेव्हा कशी दिसतेस. डोळ्यांत डोळे घालून, अगदी शांत. तो चेहरा मी नीट बघून ठेवलाय. पुढच्या वेळी फसणार नाही.”

शिडीनं मान खाली घातली, आणि आईला ते लाजणं वाटलं.

मामानं ते पाहिलं. रविवारी गॅरेजमध्ये त्या पोरीनं ज्या चेहऱ्यानं खरं सांगितलं होतं, तो चेहरा आता खोटेपणाची खूण म्हणून जपून ठेवला गेला होता. उद्या ती काहीही खरं सांगेल आणि आई तिच्या डोळ्यांत बघून म्हणेल, ओळखलं मी.

“ताई,” तो म्हणाला, “ती पडली नाही.”

“राहू दे रे. आता कशाला पाठीशी घालतोस.”

“पाठीशी नाही. ती पडलीच नाही. हँडल मी तिरकं बसवलं होतं.”

ताई हसली. “बघ, मामाचा जीव. भाचीसाठी स्वतःच्या कामावर ठपका घेतोय.”

“मामा, मिटलंय ना आता,” शिडी हळूच म्हणाली.

“मिटलं नाही.” आयुष्यभर त्याच्या शब्दावर लोकांनी गाड्या विकल्या होत्या, घेतल्या होत्या, आणि आज तो स्वतःविरुद्ध बोलत होता तर कुणी ऐकायला तयार नव्हतं. “खाली चला. दोघीही. दाखवतो.”

सीटखालच्या कप्प्यात पान्यांची गुंडाळी होती. त्यानं गाडी उजेडात ओढली, टाकीवर स्वतःचा रुमाल पसरला, हँडल उतरवून त्यावर टेकवलं आणि डाव्या रायझरचा बोल्ट खालून सोडवला. पाना दोनदा निसटला. जिन्यावरून उतरणारी शेजारीण म्हणाली, “घरपोच सेवा का?” आणि पुढे निघून गेली.

ठोकळा उचलल्यावर काळ्या रंगावरची कोर दिसली.

“हे इथे,” तो म्हणाला. “मी आधी हा एकटाच पिळला. तो पिळताना फिरला. दोन्ही ढिले ठेवायला हवे होते. उजवीकडे बघ, तिथे काही नाही. फोर्कला काहीही झालेलं नव्हतं. काच ठेवून पाहिली मी.”

ताईनं वाकून त्या कोरेवर बोट फिरवलं. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण खरचटलेलं कळत होतं.

“कधी पाहिलीस काच?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“आणि मी फोन केला तेव्हा?”

“माहीत होतं.”

ताई सरळ झाली. ती त्याच्यावर ओरडेल असं त्याला वाटलं, आणि ओरडली असती तर त्यानं ते अंगावरून पाण्यासारखं जाऊ दिलं असतं. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती लेकीकडे बघत होती.

शिडी मामाकडे बघत होती. “म्हणजे जिन्यात मी विचारलं तेव्हाही,” ती म्हणाली.

मामानं मान डोलावली.

“तरी तू डाव्या म्हणालास.”

“हो.”

“मी माझ्या डोक्यात खडीसुद्धा पसरली होती, मामा.” तिचा आवाज तसाच होता, शांत. “काल रात्री पडून विचार करत होते, खडी कुठे असते.”

‘चूक झाली’ हे त्यानं वाटेत घोकलेलं होतं, पण ते तिरक्या हँडलापुरतं होतं. जिन्यातल्या त्या एका शब्दाला ते पुरत नव्हतं. तो हातातला ठोकळा उगाच पुसत राहिला.

“आई, मी नव्हते पडले,” शिडी म्हणाली.

“हो,” ताई म्हणाली. “कळलं.” मग तिनं एवढंच जोडलं, “तू सांगत होतीस.”

शिडीनं मामाच्या हातून ठोकळा घेतला आणि जागेवर ठेवला. “कसं आवळायचं ते सांग,” ती म्हणाली. “हात नको लावूस.”

“दोन्ही बोल्ट बोटानं लाव नुसते. हलायला हवेत. मग हँडल ठेव. वरच्या पट्ट्या पुढून मागून सारख्या. आता खालचे, थोडा हा, थोडा तो.” तो पुढच्या चाकासमोर गुडघ्यांवर बसला आणि चाक गुडघ्यांत धरलं, कारण तेवढं कुणीतरी धरावंच लागतं.

“नीट धर.”

“धरलंय.”

तिनं घाई केली नाही. डावा पाव फेरा, उजवा पाव फेरा, मग पुन्हा डावा. मधेच तिनं बोल्टवरून बोट फिरवून ठोकळा फिरत तर नाही ना ते पाहिलं, जे त्यानं सांगितलंही नव्हतं. मामाच्या नाकासमोर टायर होता आणि टायरच्या खाचांत बारीक खडे अडकले होते. वर मान केली असती तर हँडल दिसलं असतं. त्यानं केली नाही.

“आई, इथे समोर ये,” शिडी म्हणाली. “सरळ आहे का बघ.”

“मला काय कळतंय त्यातलं. हा आहे ना इथे.”

“तुला दिसतं ते सांग.”

ताई भावाच्या मागे येऊन उभी राहिली. तिची साडी त्याच्या खांद्याला लागत होती. तिनं बराच वेळ घेतला, एक पाऊल डावीकडे सरकली, परत आली. “सरळ दिसतंय,” ती म्हणाली.

“मग सरळ आहे.”

शिडीनं गाडी सुरू केली आणि हँडल या टोकाला, त्या टोकाला वळवून आवाज ऐकला. मामा बाजूला झाला. ती वरून पेटी घेऊन आली, मागे बांधली, हेल्मेट चढवलं, आणि आईला म्हणाली, “दोन पत्ते राहिलेत. दिवे लागायच्या आत येते.” मामाकडे बघून ती काही म्हणणार होती बहुतेक, पण हेल्मेटच्या काचेमागे ते काय होतं ते त्याला दिसलं नाही. ती गेली. पाठ ताठ होती.

ताई जिन्याकडे वळली. मामा पाने एकेक करून गुंडाळीत घालत होता, त्यांना एवढा वेळ लागत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

“येतोयस का वर?” ती पायरीवरून म्हणाली.

“हात काळे आहेत.”

“घरात साबण आहे.”

“तिला मी काय सांगू, ताई?”

“मला नको विचारूस,” ताई म्हणाली. “मीही तिचा चेहरा बघून ठेवला होता.” आणि ती वर जायला लागली. मामा तिच्यामागे निघाला, कठड्याला हात न लावता.